पारावर वाचता येईल असे धोरण

प्राथमिक शिक्षण खात्यातील माझ्या सेवेचा उत्तरार्ध तेर येथे केंद्रप्रमुख या नात्याने व्यतीत झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या सागरप्रवासाच्या वृत्तांतात ज्या नगराचा ‘तगर’ म्हणून निर्देश केला, पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ज्या पेठेतून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, ज्याच्या पांढरीतून निघालेली हस्तिदंती व मृण्मय शिल्पे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहामुळे आजही गावातच पाहावयास मिळतात, आणि वारकऱ्यांच्या मुखी मात्र ज्याची ओळख गोरोबाकाकांचे गाव एवढीच आहे, ते हे तेर. माझ्या दप्तरात या परिसराची नोंद निराळ्या भाषेत होती: शाळा इतक्या, पट इतका, सरासरी उपस्थिती इतकी, अप्रगत मुले इतकी. इतिहासाने संपन्न असलेला हा टापू पर्जन्याने दरिद्री आहे. तेरणेच्या काठचे बागाईत सोडले तर बहुतेक जमीन कोरडवाहू. त्यामुळे ढोकीचा साखर कारखाना हाकेच्या अंतरावर असतानाही मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागत, आणि त्यांच्या मुलांच्या वर्गातील जागा कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत रिकाम्या राहत.

नोकरी सांभाळून मी मानसशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून दिली होती. समूहात मनुष्याचे मन कसे चालते, दुसऱ्याच्या दृष्टीतील आपली प्रतिमा पाहून तो आपले वर्तन कसे घडवितो किंवा बिघडवितो, याविषयी शास्त्राने जे शोधून काढले आहे त्याचे मला विलक्षण आकर्षण होते, आणि हे ज्ञान शाळेच्या उपयोगी पडावे अशी माझी मनापासून इच्छा होती. योगायोग असा की माझ्या सेवेच्या त्याच वर्षांत शिक्षणविषयक धोरणानेही या शास्त्राचा हात धरला. पूर्वी शासन शाळा बांधी, शिक्षक नेमी, तपासणी करी. आता ते शिक्षकाच्या उमेदीवर, पालकाच्या लज्जेवर, मुलाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेवर काम करू लागले. वरून आलेला हुकूम आणि खाली बसलेले मूल यांच्या दरम्यान उभे राहणे हेच केंद्रप्रमुखाचे स्थान असल्यामुळे एक प्रश्न मला वारंवार अडवू लागला. मनुष्याच्या मनाविषयी एखादी गोष्ट सत्य आहे म्हणून ती त्याच्यावर वापरण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो काय?

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यामागील हेतू निःसंशय उदात्त होता. आठ वर्षे शाळेत काढूनही ज्याला परिच्छेद वाचता येत नाही असे मूल शिक्षण हक्काच्या कायद्याची शोभा नव्हे, हे मान्य करून प्रत्येक मूल नेमके कोठे अडले आहे ते पाहावे, यासाठी पायाभूत चाचणी आली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील मागास ठरलेल्या जिल्ह्यांसाठी ‘आकांक्षित जिल्हा’ कार्यक्रम आणला. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम व गडचिरोली यांच्यासमवेत आपला जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, त्यात समाविष्ट झाला. या कार्यक्रमाचे तत्त्व सरळ होते. जिल्ह्यांची प्रगती मोजावी, तिचा अनुक्रम देशासमोर प्रसिद्ध करावा, आणि क्रमांकाची स्पर्धा यंत्रणेला जागी ठेवील असा भरवसा धरावा. एकूण गुणांत शिक्षणाचा वाटा तीस टक्के होता. त्या क्रमवारीमुळे कित्येक वर्षे पडून राहिलेली कामे मार्गी लागली, ज्या शाळांकडे कोणी फिरकत नसे तेथे अधिकारी येऊ लागले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे श्रेय नाकारणार नाही. परंतु तुलनेचा हा दाब जिल्ह्यावर पडला की तो जिल्ह्यावरच थांबत नाही. जिल्हा तो तालुक्यावर टाकतो, तालुका केंद्रावर, केंद्र शाळेवर, शाळा वर्गशिक्षकावर, आणि वर्गशिक्षकाच्या खाली मुलाखेरीज कोणी उरत नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या पदाला क्रमांक सोसण्याचे वेतन मिळते, सात वर्षांच्या मुलाला ते मिळत नाही.

केंद्रातील एका शाळेत, जिचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, दुसरीच्या वर्गात मला एक तक्ता टांगलेला दिसला. त्यावर प्रत्येक मुलाचे नाव होते आणि नावापुढे हिरवी, पिवळी किंवा लाल टिकली लावलेली होती. शिक्षक होतकरू होते, पदरचा पैसा खर्चून त्यांनी तो तक्ता सजविला होता आणि तपासणीत त्याची वाखाणणी व्हावी अशी त्यांची अपेक्षा होती. मुले टिकल्यांच्या रंगाप्रमाणे तीन ओळींत बसली होती. लाल ओळीतील बहुतेक मुले ऊसतोडीला जाऊन आलेली होती. म्हणजे बुद्धीने मंद असल्यामुळे ती मागे राहिली नव्हती, तर जे महिने त्यांच्या नावे वर्गात शिकविले गेले ते त्यांनी फडात पाचटावर काढले होते. मी शिक्षकांना विचारले, की या ओळीतील मूल हिरव्या ओळीत गेल्याचे उदाहरण आहे का? ते म्हणाले, “बाई, आम्ही खूप घेतो त्यांचं, पण ती मुलं मुळातच तशी आहेत.” त्यांच्या मुखातील ‘मुळातच’ हा निर्णय चाचणीने दिलेला नव्हता. चाचणीने फक्त एका दिवसाची स्थिती सांगितली होती; तिचा स्वभाव करून टाकण्याचे काम भिंतीवरील तक्त्याने केले होते.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे मला तेथेच स्मरण झाले. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले, की ही मुले यंदा बौद्धिक झेप घेतील. वस्तुतः ती नावे, पटाच्या सुमारे पाचव्या हिश्शाची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने काढलेली होती. वर्षाअखेर, विशेषतः पहिली व दुसरीच्या वर्गांत, त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली. या प्रयोगावर पुढे कठोर टीका झाली, त्याची मोजमापे शंकास्पद ठरविली गेली, आणि शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम खरा असला तरी आरंभी भासला तितका प्रचंड नाही असे अभ्यासकांचे मत झाले. पण मला त्यातील परिणामाच्या आकारापेक्षा त्या संशोधकांनी घालून घेतलेली एक मर्यादा अधिक बोलकी वाटते. त्यांनी शिक्षकांना असत्य सांगितले, आणि त्याचा जाब त्यांना द्यावाच लागेल. मात्र कोणत्याही मुलाविषयी ‘हे मागे पडेल’ असे त्यांनी सांगितले नाही. अपेक्षा वाढविण्याचा प्रयोग त्यांनी केला, घटविण्याचा केला नाही. आपल्याकडील लाल टिकलीचा तक्ता हा त्याच प्रयोगाची उलटी बाजू होय, आणि तो कोणाही पालकाला न विचारता, कोणत्याही समितीची मंजुरी न घेता, हजारो वर्गांत नित्य चालू असतो.

तेरमध्ये राहून या विषयाचा विचार करणाऱ्याला एका कथेपाशी थांबावेच लागते. संप्रदायाची परंपरा असे सांगते, की ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव आदी संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटणे पाहून ते कशासाठी आहे असे विचारले. मडके पक्के की कच्चे ते पाहण्यासाठी, असे उत्तर मिळताच, मग आमच्यातले कोण कच्चे तेही पाहा, असे ती म्हणाली. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले; सारे निमूट राहिले, नामदेव तेवढे रागावले, आणि तेच कच्चे ठरले. मंडळींसमोर कच्चा ठरलेला तो भक्त पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गुरूपदेशासाठी गेला, आणि त्याची वाणी पंजाबपर्यंत पोहोचून त्याची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली.

आमच्या शिक्षण परिषदांतून ही कथा चाचणीच्या समर्थनार्थ अनेकदा सांगितली जाई. तेरच्या मातीतच मूल्यमापनाची परंपरा आहे, असे वक्ते अभिमानाने म्हणत. मी गोरोबांच्या समाधीपुढे श्रद्धेने मस्तक ठेवणारी बाई आहे, आणि म्हणूनच ही कथा अधिक काळजीपूर्वक वाचावी असे मला वाटते. तेथे परीक्षक आणि परीक्षित समान योग्यतेचे होते. परीक्षेची मागणी वरून आली नव्हती, ती परीक्षा देणाऱ्यांतूनच उठली होती. नामदेवांना राग आला तो व्यक्त करण्याची मुभा होती, उठून जाण्याची मुभा होती, आणि निकालानंतर गुरूची वाट मोकळी होती. शिवाय जो निकाल देत होता तो स्वतः कुंभार होता. कच्चे मडके भट्टीत घालण्याची जबाबदारी मडक्याची नसून आपली आहे, हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. आमच्या लाल ओळीतील मुलाला यांतले काहीही उपलब्ध नव्हते. त्याने परीक्षा मागितली नव्हती, ते वर्ग सोडून जाऊ शकत नव्हते, आणि त्याने जर चिडून पाटी आपटली असती तर ते चिडणेच त्याच्या कच्चेपणाचा आणखी एक पुरावा म्हणून नोंदवहीत गेले असते. ज्या परीक्षेत परीक्षेविरुद्ध केलेली तक्रार हाच नापासीचा दाखला ठरतो, ती परीक्षा समानांमध्येच शोभते; दुर्बळांवर तिचा प्रयोग करणे अन्याय आहे.

तो तक्ता भिंतीवरून काढला गेला आणि तीच माहिती शिक्षकाच्या वहीत गेली. अडलेल्या मुलांना दिवसातील ठरावीक वेळ वेगळे घेऊन शिकवावे आणि उरलेला वेळ सर्वांनी मिसळून बसावे, असे आम्ही ठरविले. मुलाची पातळी जाणून तेथून शिकविणे हे शिक्षणशास्त्राचे मोठे सत्य आहे. ते सत्य मुलाच्या कपाळावर चिकटविल्याने अधिक सत्य होत नाही.

याहून बिकट प्रसंग पुढे आला. एका वर्षी जिल्ह्याच्या एका बैठकीत गैरहजेरीचा विषय निघाला, आणि बाहेरून आलेल्या एका तरुण सल्लागाराने असा मसुदा मांडला, की जी मुले सतत गैरहजर असतात त्यांच्या पालकांची नावे दर आठवड्याला देवळावरच्या भोंग्यावरून वाचून दाखवावीत, आणि नियमित येणाऱ्या मुलांची प्रभातफेरी त्या घरांसमोरून न्यावी. तो तरुण दुष्ट नव्हता. तो अभ्यासू होता, मुलांविषयी कळकळ बाळगणारा होता, आणि त्याच्याकडे युक्तिवाद होता. हगणदारीमुक्तीच्या मोहिमेत पहाटे ‘गुड मॉर्निंग पथक’ शिट्ट्या वाजवीत फिरले तेव्हा जे वर्षानुवर्षे प्रबोधनाने झाले नाही ते लज्जेने झाले, असे तो म्हणाला. मनुष्य शेजाऱ्याच्या नजरेला जितका भितो तितका कायद्याला भीत नाही, हे शास्त्राने सिद्ध केले आहे, मग मुलाच्या कल्याणासाठी त्या नजरेचा उपयोग का करू नये? सभागृहात पुष्कळ माना होकारार्थी हलल्या.

मी पहिली हरकत शास्त्राच्याच आधारे घेतली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात अश्मीभूत लाकडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील लाकूड पर्यटक चोरून नेतात म्हणून रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या; ‘अनेक पर्यटक लाकूड नेतात, त्यामुळे उद्यानाची हानी होते’ अशा आशयाच्या पाटीने चोरी घटली नाही, उलट वाढली, कारण पाटीने निषेध केला तरी ‘सगळेच नेतात’ ही वार्ताही तिनेच दिली. भोंग्यावरून दर आठवड्याला चाळीस घरांची नावे वाचली, तर लाज किती जणांना वाटेल ते ठाऊक नाही, परंतु आपण एकटे नाही हा दिलासा चाळीसही घरांना मिळेल, असे मी सांगितले. हरकत मुद्देसूद होती आणि सल्लागाराने ती मान्यही केली. पण तो लगेच म्हणाला, की मग न येणाऱ्यांची नावे वाचू नयेत, नियमित येणाऱ्यांचीच वाचावीत, म्हणजे उरलेल्यांना आपोआप कळेल.

त्या उत्तराने मला माझ्या युक्तिवादातील उणीव दाखविली. परिणामकारकतेच्या बळावर जिंकलेला वाद परिणामकारकतेच्याच बळावर उद्या हरता येतो. आज लज्जेची एक युक्ती निष्फळ ठरली तर शास्त्र उद्या अधिक सफाईची युक्ती देईल, आणि मग विरोधास काय उरेल? अमेरिकेच्या इतिहासात हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला होता. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा एकमुखी निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात दिला, तेव्हा केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याने बाहुल्यांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांसारख्या मानसशास्त्रीय अभ्यासांचा निर्देश निकालपत्राच्या एका तळटीपेत झाला. शिक्षणधोरणात सामाजिक मानसशास्त्राचा तो बहुधा सर्वांत गौरवाचा क्षण होय. परंतु न्यूयॉर्कचे विधिशास्त्रज्ञ एडमंड कान यांनी १९५५ मध्येच असा इशारा दिला, की नागरिकांचे मूलभूत हक्क अशा प्रयोगांच्या पायावर उभे करणे धोक्याचे आहे, कारण उद्याचे प्रयोग निराळे सांगू शकतात. भेदभावाने मुलाचे मन दुखावते असे सिद्ध झाले म्हणून तो वाईट ठरत नाही. एखाद्या मुलाचे मन इतके कणखर निघाले की त्यावर ओरखडाही उमटला नाही, तरी तो तितकाच वाईट आहे. हे समजण्यासाठी मराठी माणसाने अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारणही नाही. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसविलेला, शिपाई नसला म्हणजे तहानलेला राहणारा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी पुढे जगातील श्रेष्ठ विद्वानांत गणला गेला. गोणपाटाने त्याची बुद्धी खुंटली नाही. म्हणून काय ते गोणपाट निर्दोष ठरले?

प्रस्ताव बैठकीत मंजूर झाला नाही आणि नामंजूरही झाला नाही. गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी त्यावर विचार करावा, असा शेरा पडला. माझ्या दृष्टीने तो शेरा म्हणजे मोठाच लाभ होता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात, म्हणजे ज्यांच्यावर उपाय योजायचा त्यांनाच तो उपाय वाचून दाखविण्याची ती जागा होती. केंद्रातील एका वस्तीवर मारुतीच्या पारावर ही सभा भरली. मी मसुदा जसाच्या तसा वाचला. त्यातील ‘पालकांच्या सामाजिक प्रतिष्ठेच्या जाणिवेचा उपयोग’ हे वाक्यही वगळले नाही, उलट त्याचा अर्थ सोप्या शब्दांत सांगितला. काही क्षण कोणी बोलेना. मग एक आजी, जिचा मुलगा आणि सून दोघेही तोडीला गेले होते, पदर सावरून म्हणाली:

“बाई, पोरगं साळंत न्हाई ह्ये आमाला ठावं हाय, गावालाबी ठावं हाय. त्याच्या मायबापानं उचल घेतलीया, ती काय भोंग्यानं फिटनार हाय का? अन् उद्या लेकरू माघारी आलं, तर कोन्या तोंडानं साळंत बसंल?”

लज्जेच्या धोरणाचे एवढे अचूक परीक्षण मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. ज्या गोष्टीवर मनुष्याचा इलाज चालत नाही तिच्यासाठी त्याला लाजविणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याला अपराधाचे रूप देणे. आणि ज्या दारातून मुलाने परत यावे अशी आपली इच्छा आहे, त्याच दारात त्याची नाचक्की करणे म्हणजे ते दार आतून लावून घेणे. कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी केली आहे. वर्गात जे निषिद्ध ते वर्गाबाहेर भोंग्यावरून विहित कसे होईल?

कोणी म्हणेल, की मग सक्ती मुळीच नको काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. रुपया त्या काळी लहान रक्कम नव्हती. परंतु तो दंड जाहीर कायद्याचा होता; तो का आहे, किती आहे, कोणाला लागू आहे हे प्रत्येक रयतेला माहीत होते, आणि त्याविरुद्ध दाद मागता येत होती. शिवाय सक्ती करणाऱ्या राजाने स्वतःवरही बंधन घेतले होते: शाळा त्याने काढायच्या, फी त्याने माफ करायची, आणि १९१९ मध्ये त्याने अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. दंड माणसाशी समोरासमोर बोलतो. लज्जा मात्र शेजाऱ्याच्या तोंडून बोलते, तिची रक्कम ठरलेली नसते, तिची पावती मिळत नाही आणि तिच्याविरुद्ध अपील कोठे करावे हे कोणाला ठाऊक नसते.

त्या सभेत शेवटी जे ठरले ते अगदी साधे होते. तोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वी करावी, ज्या घरी आजी-आजोबा मागे राहतात तेथे मुलाला ठेवण्याविषयी घरोघर जाऊन बोलावे, अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव मुदतीत पाठवावा, आणि जी मुले जाणारच त्यांना शिक्षण हमी पत्रक देऊन तेथील शाळेत बसण्याची सोय करावी. यात नवे मानसशास्त्र काहीही नव्हते. जुनी योजना वेळेवर राबविणे एवढेच होते. त्या हंगामात काही मुले मागे राहिली, काही गेली. चमत्कार झाला नाही. मात्र जी गेली तीही पट्टा पडल्यावर संकोच न करता वर्गात येऊन बसली, आणि मला त्याचे मोल मोठे वाटते.

या अनुभवांवरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की सामाजिक मानसशास्त्राला शाळेत मज्जाव करावा. त्याच्याकडून मी जे शिकले त्यातील पुष्कळ गोष्टी मी तपासणीत रोज वापरल्या. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भुलभुलैये सोडवावयास दिले. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा तथाकथित खालच्या जातींची मुले वरच्या जातींच्या मुलांच्या बरोबरीने सोडवीत होती, पण सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखविताच त्यांची कामगिरी लक्षणीय खाली आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचल्यापासून शिष्यवृत्तीची यादी वर्गात जातीसह वाचण्याचा शिरस्ता मी माझ्या केंद्रात बंद करविला. मोफत गणवेश एकेकाळी सर्व मुलींना आणि मुलांपैकी अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांनाच मिळत असे. तो वाटताना पुकारा न करता कार्यालयातून द्यावा, असे मी सांगत असे. आणि ज्या दिवशी कोणत्याही शाळेत दुपारची पंगत एका रांगेत, एका भांड्यातून वाढली जाते, मुले कोण कोणाशेजारी बसावे हे पाहत नाहीत, त्या दिवशी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितलेले तत्त्व तेथे साक्षात होत असते: समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि वरिष्ठांचे पाठबळ असेल तर सहवासाने पूर्वग्रह विरघळतात. या तिन्ही उपायांत मानसशास्त्र आहेच. परंतु त्यांतील एकही उपाय कोणापासून लपवावा लागत नाही. “आम्ही तुमच्या मुलाची जात वर्गात वाचत नाही, कारण त्याने त्याचे मन खचते,” हे मी कोणत्याही पालकाला तोंडावर सांगू शकते. “आम्ही तुमचे नाव भोंग्यावर वाचतो, कारण तुम्हाला शेजाऱ्यांची लाज वाटेल,” हे सांगताना माझी जीभ अडखळेल. आणि जेथे जीभ अडखळते तेथे धोरण थांबले पाहिजे.

आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते. हे शास्त्र तरुण आहे आणि ते प्रामाणिकपणे स्वतःची दुरुस्ती करीत असते. गेल्या काही वर्षांत त्यातील कित्येक गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहता तसे फळ आले नाही. बुद्धी प्रयत्नाने वाढते हा विश्वास मुलांत रुजविल्याने गुण वाढतात, या कॅरल ड्वेक यांच्या प्रसिद्ध सिद्धान्ताची अमेरिकेत देशव्यापी पारख झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मागे पडलेल्या मुलांना लाभ होतो हे दिसले, पण तो लाभ माफक होता. शास्त्रज्ञाला आपले मत बदलण्यास पुढची दहा वर्षे असतात. दुसरीतील मुलाला दुसरीचे वर्ष एकदाच मिळते. म्हणून शास्त्राच्या अपुऱ्या खात्रीची किंमत मुलाने मोजावी अशी व्यवस्था करण्यापूर्वी त्या मुलाच्या घरच्यांना विचारणे ही सौजन्याची बाब नाही, ते कर्तव्य आहे.

आता माझ्या जागी तरुण केंद्रप्रमुख आले आहेत. ते माझ्यापेक्षा अधिक शिकलेले आहेत, त्यांच्या हातात मोबाइलवर भरावयाचे तक्ते आहेत, आणि मनुष्यस्वभावाविषयीचे नवे नवे शोध त्यांच्यापर्यंत माझ्या काळापेक्षा कितीतरी लवकर पोहोचतात. त्यांना आणि त्यांच्या वरिष्ठांना माझी एकच विनंती आहे. मुलाच्या किंवा पालकाच्या मनावर काम करणारी कोणतीही योजना अमलात आणण्यापूर्वी ती हेतूसह, एकही वाक्य न वगळता, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मोठ्याने वाचा. लोकांना प्रश्न विचारू द्या, हरकत घेऊ द्या, आणि त्यांनी नको म्हटले तर तो नकार त्यांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून नोंदवू नका. जी योजना असे वाचन सोसते ती निर्भयपणे राबवा. जी सोसत नाही, ती कितीही परिणामकारक असली तरी परत पाठवा, आणि परत पाठविण्याचे कारण सही-शिक्क्यानिशी लिहून पाठवा.